क्वेट्ट्याहून एकच परत आला

माझा नवरा क्वेट्ट्याच्या भूकंपातून जिवंत परत आला, आणि मला त्याची लाज वाटत होती. ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. नवरा असा परत आल्यावर बाईनं देवापुढे साखर ठेवावी, शेजारणींना बोलवावं, थोडं मिरवावं. मी मात्र विहिरीवर जाताना पदर कपाळावर ओढून घ्यायची, कुंकू कुणाच्या डोळ्यात भरू नये म्हणून. आमच्या घरातून क्वेट्ट्याला दोघे भाऊ गेले होते. परत आला तो एकच, आणि तो माझा.

आमचं घर श्रीवर्धनला, समुद्राकडच्या आळीत. मागे नारळी-पोफळीची वाडी. घरात माणसं मोजकीच. सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, आमचे हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. माझी आई तर मला आठवतही नाही. त्यामुळे सासरी आल्यावर मला शिकवायला आणि ओरडायला जे कुणी होतं त्या जाऊबाई. ओरडण्यात त्यांचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं. भात गिचका झाला की म्हणायच्या, "काय गो, खळ केलीस व्हय? लुगडी कडक करायचीत काय आज?" आणि ओरडून झालं की तोच भात स्वतःच्या पानात जास्त वाढून घ्यायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावरून कुणी काही बोललं तर त्या एवढंच म्हणत, "ही धाकटी हाय की. हिचंच सगळं करून दमते मी."

मोठे दीर आधी कराचीला गेले आणि तिथून रेल्वेच्या कामावर क्वेट्ट्याला. पुढे त्यांनी धाकट्या भावालाही बोलावून घेतलं. रेल्वेच्या चाळीत एका खोलीत दोघे राहत, हातानं भाकऱ्या भाजत, आणि सुट्टी मिळेल तेव्हा बोटीनं घरी येत. येताना सुके जर्दाळू आणत. सासूबाई एक तोंडात टाकून म्हणायच्या, "ह्यापरीस आपली आमसुलं बरी." पण उरलेले डब्यात भरून आळीभर दाखवायच्या.

क्वेट्ट्याच्या आदल्या वर्षी बिहारात मोठा भूकंप झाला होता. अलिबागेकडून काही माणसं मदत गोळा करत गावोगाव फिरत होती, ती आमच्या ओट्यावरही येऊन बसली. त्यांनी सांगितलं की तिकडे जमीन फाटून वाळू आणि पाणी वर आलं, उभी शेतं वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या, शहरंच्या शहरं विटांचे ढीग झाली. आम्ही दोघी जावा दाराआडून ऐकत होतो. सासूबाईंनी सूपभर तांदूळ दिले, जाऊबाईंनी माळ्यावरचं एक विरलेलं लुगडं दिलं, आणि मी मधोमध ठिगळ लावलेली एक चादर दिली. माणसं गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जमीन हलायची ती तिकडं. आपल्याला हा समुद्र हाय तेवढा पुरे." आम्ही हसलो. आपली दोन माणसं कुठल्या जमिनीवर झोपतात, हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पस्तीस साली वैशाख सरता सरता बोटी बंद झाल्या. आता श्रावण संपेपर्यंत मुंबईचं माणूस यायचं ते डोंगरातून, चिखल तुडवत. त्याच आठवड्यात शेजारचे एक काका बोर्लीच्या बाजारातून वर्तमानपत्र घेऊन आले. ते ओट्यावर न बसता सरळ माजघरात आले, तेव्हाच मी समजले. घरात वाचता येत होतं ते मला एकटीला. मी उभ्यानंच वाचायला लागले. क्वेट्टा पहाटे झोपेत असताना कोसळलं. गावात घर असं उरलं नाही. मेलेल्यांचा अंदाज सरकारलाही लागत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पुरे."

जाऊबाई म्हणाल्या, "पुढं वाच."

पुढे कुठल्या मोहल्ल्याचं काय झालं ते होतं. रेल्वेची चाळही पडली होती. मी तेही वाचलं. माझाच आवाज मला परका वाटत होता.

तारा झाल्या. कराचीला ओळखीच्या माणसाला निरोप गेले. उत्तर नाही. वरून पाऊस कोसळत होता. शेवटी सासूबाईंनी गुरवाला बोलावून देवीला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे काही अडलं की देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. लग्न असो, विहीर असो, हरवलेली म्हैस असो. गुरवानं देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की ह्या बाईचे दोन्ही मुलगे सुखरूप असतील तर उजवी कळी दे. आम्ही दोघी जावा खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. जाऊबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगड्या रुतल्या. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी कळी पडली.

सासूबाईंनी तिथेच लोळण घेतली. घरी येऊन त्यांनी गोडाचं केलं आणि आम्हां दोघींना भरवलं. "दोघंबी येत्यात," त्या म्हणाल्या. "देवी बोलली. आता कुणी तोंड पाडून बसायचं न्हाय."

श्रावणात एका दुपारी हे आले. माणगावच्या बाजूनं चालत आलेले, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, आणि अंगात कुणा साहेबाचा वाटावा असा जाड काळा कोट. मी आधी ओळखलंच नाही. ओळखलं ते जाऊबाईंनी. त्या पायरीवर भांडी घासत होत्या, त्या उठल्या आणि ह्यांच्या मागे वाटेकडे बघत राहिल्या. वाटेवर आणखी कुणी नव्हतं.

सासूबाईंनी ह्यांना कवटाळलं, रडल्या, आणि मग विचारलं, "दादा मागनं येतोय ना रे?"

ह्यांनी खाली बघितलं.  तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "येईल. इस्पितळात असंल. देवीनं सांगितलंय मला, दोघं सुखरूप हायेत. एक आला, आता दुसरा येईल." आणि पाय धुवायला पाणी आणायला आत गेल्या. एका आईनं स्वतःच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं आणि विषय मिटवला. ह्यांच्यात ते उत्तर खोडायची ताकद नव्हती. आळीतल्या कुणात नव्हती. कौल चुकला म्हणायचं म्हणजे देवीला खोटं पाडायचं. गुरवानं तर आमच्या आळीत यायचंच सोडलं.

तो कोट कराचीला मदतीच्या छावणीत मिळाला होता. भूकंपाच्या रात्री ह्यांच्या अंगावर कामाचे कपडे होते, तेवढेच. मी तो कोट धुवायला घेतला आणि मला इतकं ओशाळं झालं की तो कुंपणावर न घालता गोठ्यात वाळत घातला. आम्ही दानाच्या कपड्यावर आलो. जाऊबाईंनी तो हातात घेऊन अस्तर चाचपलं आणि म्हणाल्या, "चांगला हाय. आपण बिहारला दिलं त्यापरीस बरा हाय." मी वर बघितलं नाही.

हे घरात झोपेनात. कौलांखाली आले की नजर आढ्याला लागायची. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावर आदळतो तेव्हा आमच्याकडे जमिनीला हलका धक्का जाणवतो. आम्हाला त्याची जन्माची सवय, पण हे ताडकन उठून अंगणात जाऊन उभे राहायचे. क्वेट्ट्याला मोठ्या धक्क्यानंतरही जमीन कित्येक दिवस थरथरत राहिली होती. शेवटी ह्यांनी वाडीत नारळाच्या झापांची एक खोपी बांधली. पडली तरी माणूस मरू नये अशी. तिथेच राहायला लागले. आळीतली माणसं येता-जाता विचारायची, "काय, राखणीला बसलात व्हय?" आणि हसायची. माझी मान आणखी खाली जायची. जिवंत आला म्हणून लाज, आणि आला तो असा आला म्हणूनही लाज.

दुपारचं ताट घेऊन आधी जाऊबाई जात, पुढे मी जायला लागले. तिथे त्या खोपीत हे थोडं थोडं बोलायला लागले.

भूकंप झाला त्या आठवड्यात रात्रपाळी मोठ्या दिरांची होती. पण कामावर तापलेल्या लोखंडानं त्यांचा पाय भाजला होता, चालवत नव्हतं. म्हणून त्यांच्या जागी हे गेले. एवढंच. आपण शेजाऱ्याच्या घरी ताक द्यायला जातो तसे गेले. पहाटे हे उघड्यावर रुळांपाशी उभे होते. आधी खालून गाडी धावत यावी तसा आवाज आला, मग पायाखालची जमीन गेली. उठून बघतात तो शहराच्या जागी नुसती धूळ. सगळे दिवे गेलेले. आणि थोड्या वेळानं त्या धुळीतून माणसांचा आवाज यायला लागला. तो आवाज कसा होता ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही.

चाळ सपाट झाली होती. घरं कच्च्या विटांची, छतं जड. ह्यांनी हातांनी उकरलं. शेजारी एक पठाण आपल्या बायकोसाठी उकरत होता, पलीकडे एक सिंधी दुकानदार. कुणाचं काम आधी संपलं की तो दुसऱ्याच्या ढिगाऱ्यावर यायचा. दुपारी ह्यांना भाऊ सापडला. भाजलेल्या पायाची पट्टी जशीच्या तशी होती. संध्याकाळी गावाबाहेर एका मोठ्या चितेवर अनेकांबरोबर त्यांना ठेवलं आणि ह्यांनी अग्नी दिला. मग सैनिकांनी शहराभोवती काटेरी तार लावून सगळ्यांना मैदानात तंबूंत नेलं. तिथे माणसं एकमेकांचं नाव-गाव विचारत नसत. "तुमचे किती?" एवढंच विचारत. समोरचा बोटं दाखवायचा, नाहीतर दोन्ही हात उघडून दाखवायचा. तिथून गाड्या भरभरून जखमी आणि उरलेली माणसं कराचीला, लाहोरला गेली. कराचीला हे तापानं पडून राहिले. म्हणून पत्र नाही, काही नाही.

सांगून झाल्यावर म्हणाले, "वैनीला सांगू नकोस. आईला सांगणं मला जमंल तवा मीच सांगीन."

ते ह्यांना कधी जमलं नाही.

आणि मग रोजची सकाळ सुरू झाली. आम्हां दोघींचा कुंकवाचा करंडा एकच. लग्न होऊन आले तेव्हापासून रिवाजच तो. आधी जाऊबाई कपाळाला मेण लावणार, वर कुंकू रेखणार, आणि मग करंडा माझ्या हातात देणार. आता त्या रोज तेच करत होत्या, आणि मी समोर बसून बघत होते. त्या ठसठशीत चिरी रेखायच्या, आरशात मान वाकडी करून बघायच्या, करंडा पुढे करायच्या. मी तो घ्यायची आणि घाईघाईनं बोट टेकवून उठायची. एकदा म्हणाल्या, "हे काय गो, डास बसल्यागत कुंकू? नीट लाव. नवरा हाय ना तुला?" मला वाटलं, जमिनीनं आता इथेही फाटावं.

बारा वर्षं वाट बघायची, असा शास्त्राचा नियम सासूबाईंनी कुठूनसा काढला होता. माणसाचा पत्ता नसेल तर बाईनं बारा वर्षं सवाष्णीसारखं राहावं. आळीतल्या बायका जाऊबाईंना हळदीकुंकवाला बोलवायच्या, कारण सासूबाईंशी वैर कोण घेणार? पण त्यांना कुंकू लावताना बायकांची बोटं अडखळायची. सगळ्यांना कळून चुकलं होतं. सासूबाईंना कुणी सांगायचं, एवढाच प्रश्न होता. मी तर त्यांच्याकडे सरळ बघूच शकत नव्हते. आम्ही दोघी एकाच घरात सवाष्ण होतो, आणि त्यांचं कुंकू खोटं आहे हे मला माहीत होतं, त्यांना माहीत नाही असं मी धरून चालले होते.

अशात मला दिवस गेले.

दुपारचं ताट घेऊन धाकटी वाडीत जाते ती लवकर परत येत नाही, हे आळीनं आधीच हेरलं होतं, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सासूबाईंना हर्ष झाला. मला मात्र माझ्या पोटाची लाज वाटायला लागली. जाऊबाईंच्या समोर वाकून केर काढताना, उठताना, मला ते लपवावंसं वाटायचं. आणि त्याच मला आंबट काय हवं, तिखट काय हवं विचारायच्या, कैऱ्या पाडून आणायच्या, मी नको म्हटलं की ओरडायच्या, "तुला न्हाय देत, आतल्याला देतेय."

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. माझं मन नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, नको करूया. ह्यांनी आईला सांगितलं. पण जाऊबाईंनीच हट्ट धरला. "घरातलं पैलं पोर हाय," त्या म्हणाल्या. हिरवं लुगडं त्यांनी आणवलं, बागेतल्या फुलांच्या वेण्या केल्या, आणि मला पाटावर बसवलं.

बोर्लीहून माझी चुलत सासू आली होती. ओटी भरायची वेळ झाली तशी ती सासूबाईंच्या जवळ सरकून म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "पैली ओटी दुसऱ्या कुणाकडनं भरून घ्या. पोटात जीव हाय. उगाच कशाला?"

सासूबाई ताठ झाल्या. "का? माझ्या थोरलीचं कुंकू कुणी पुसलंय व्हय?"

 मी पाटावर फुलांनी मढून बसलेली, मधोमध, सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून जाऊबाईंकडे जात होत्या. अंगावरचं सगळं उतरवून ठेवून वाडीत पळून जावं असं वाटत होतं. जाऊबाई शांतपणे उठल्या. तबक घेतलं, माझ्यासमोर बसल्या. मला हळदकुंकू लावलं, पदर पसरायला लावला, तांदूळ, खण, हळकुंडं, सुपारी, नारळ घातला.  नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "घट्ट धर. सांडू नकोस." मग बाकीच्या बायकांनी ओट्या भरल्या. चुलत सासूनंही भरली.

आमच्याकडे भरली ओटी तशीच सांभाळत परसातल्या तुळशीला नमस्कार करायचा, आणि मगच ती देवापुढे उतरवायची. वाटेत एक दाणाही सांडता कामा नये. बायका पंगतीला बसल्या आणि मी एकटी परसात गेले. तुळशीपलीकडे, विहिरीच्या धोंड्यावर जाऊबाई बसल्या होत्या. हाताला साबण लावून हिरव्या बांगड्या एक एक करून काढत होत्या. काढलेल्या बांगड्या शेजारी पानावर ठेवल्या होत्या. कपाळ धुतलेलं होतं.

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"फोडल्या असत्या," त्या म्हणाल्या, "पण आज तुझं डोहाळजेवण. काच फुटल्याचा आवाज बरा न्हाय."

"तुम्हांला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"भावजी खोपीत ऱ्हायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी ताट घेऊन गेले आणि इचारलं. ते खोटं बोलायला गेले आणि रडले. म्हटलं, मला ठाऊक हाय हे कुणाला सांगू नका, धाकटीला बी न्हाय. मग काय ऱ्हायलं?" त्यांनी शेवटची बांगडी मनगटावरून ओढली, कातडं सोलवटलं. "आधी म्हटलं म्हातारीला जरा सावरू दे. मग तुला दिवस गेले. सासूला कुंकू न्हाय, तुला आई न्हाय. मी बी पुसून बसले असते तर ह्या घरात तुझी पैली ओटी कुणी भरायची? बाहेरच्या बाईनं? म्हणून थांबले." मग हात खळबळून धुतले आणि म्हणाल्या, "आता झालं. आता मला रडू दे. वरीस होत आलं, मी रडले न्हाय गो."

आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, आत बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि वाकून रडायला लागल्या.

मी त्यांच्या शेजारी धोंड्यावर बसले. त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. पण तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्या रडत होत्या तोवर मी तशीच बसून राहिले, आणि तो पदर मी सोडला नाही.